सात नंबरची विनंती

बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास पाळकीणबाईंच्या वहीचा फोटो अर्पिताच्या फोनवर आला. दर महिन्याला येतो तसाच. उमरग्यात हायवेच्या अलीकडच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली दर रविवारी भरणारी त्यांची ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजून बावीस घरं. महिन्यातल्या एका शुक्रवारी त्यातली बारा घरं साखळी प्रार्थनेला बसायची. सकाळी सहाला पहिलं घर गुडघे टेकणार, सातला दुसरं, असं संध्याकाळी सहापर्यंत. मध्ये खंड पडू द्यायचा नाही. कुणासाठी काय मागायचं त्या विनंत्या पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांची बायको चंद्रप्रभाबाई, महिनाभर एका वहीत उतरवून ठेवायच्या. त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागायचं नाही, म्हणून यादी टाइप करून ग्रुपवर टाकायचं काम अर्पिताकडं. बीएस्सी झालेली, वाशीच्या मास्तरांची लेक, मराठी टायपिंग झरझर. तिच्या सासूबाई, शांताक्का, हे चारचौघींत दोनदा तरी सांगायच्याच.

जाई नुकती झोपली होती. पाच महिन्यांचं लेकरू, झोप चिमणीएवढी. अर्पितानं झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि टाइप करायला घेतलं.

एक, सिताबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दोन, रेवणसिद्धची पोलीस भरती, पळताना दम टिकावा. तीन, बसप्पांच्या घरातली भांडणं. चार, तेरखेड्याच्या भावाचा भाजलेला हात. पाच, परीक्षेला बसलेली मुलं. सहा, पाळकसाहेबांची शुगर.

सात. आपल्यातली एक तरुण बहीण. पोटचं लेकरू गच्चीवरून सोडून द्यावं असे विचार सैतान तिच्या मनात घालतो. बंधन तुटावं. नाव सांगू नये.

अंगठ्यातली दोरी थांबली. अर्पितानं ती ओळ परत वाचली. अक्षर वाईट होतं, पण इतकंही वाईट नव्हतं. नाव सांगू नये. बावीस घरांत अंगावर पाजणारी बाई एकच होती.

तेवढ्यात फोटो गेला. त्याच्या जागी बारकी करडी ओळ उरली, मेसेज डिलीट केल्याची. दोन मिनिटांत दुसरा फोटो आला. तीच वही, तेच पान, पण खालून दुमडलेलं. विनंत्या सहाच. ना वर शब्द, ना खाली. पाळकीणबाईंनी सवयीनं फोटो काढला, सवयीनं पाठवला, आणि यादी कोण टाइप करतं हे त्यांच्या ध्यानात मागाहून आलं.

अर्पितानं यादी सहावरच थांबवली. शेवटी नेहमीचे जोडलेले हात टाकले आणि यादी ग्रुपवर सोडली.

गच्चीचं ते तिनं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं.

महिन्यापूर्वीची गोष्ट. वाळलेले कपडे काढायला ती जाईला खांद्यावर टाकून वर गेली होती. कठड्यापाशी आली आणि मनात आलं, हिला सोडलं तर? हात सुटला तर असं नव्हे. सोडलं तर. ती तिथंच तापलेल्या फरशीवर बसली आणि लेकराला इतकं घट्ट आवळलं की जाई किंचाळली. त्या दिवसापासून ती गच्चीवर गेली नाही. पण विचारानं जागा बदलली. कधी विळीपाशी यायचा, कधी कढत पाण्याच्या बादलीपाशी. जाईच्या अंगाला साधं मुंगीएवढं काही लागलेलं तिला सोसायचं नाही, आणि मन असलं काहीबाही दाखवत बसायचं. आठ दिवस तिनं ते गिळलं. मग एका रविवारी दुपारी, अक्का महिला मंडळाला गेलेल्या असताना, तिनं नवऱ्याला, मुकुलला, सगळं सांगितलं. तो रडला. तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, "हे आपल्या दोघांतच राहील. मी हाय की." त्या दुपारी ती दीड तास गाढ झोपली. लेकरू झाल्यापासून पहिल्यांदा.

आता तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. त्याच आठवड्यात अक्कांनी जाईची अंघोळ स्वतःकडं घेतली होती. "तुला कुठं जमतंय गं, कंबर दुखंल तुझी." गच्चीच्या दाराला कुलूप आलं होतं. "माकडं यायलीत लई." उपासनेत गाणं चालू झालं की सिताबाई, गुडघ्याच्या सिताबाई, उठून लंगडत यायच्या आणि जाईला तिच्या मांडीवरून उचलून न्यायच्या. अर्पितानं वाशीला आईला फोनवर सांगितलं होतं, इथं सगळे जाईला तळहातावर ठेवतात. किती भाबडेपणानं सांगितलं होतं.

ती माया नव्हती. पहारा होता.

मुकुल मेन रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दीडला जेवायला घरी यायचा. अक्का दळण आणायला गेल्या होत्या. अर्पितानं ताट वाढलं, भाकरी टाकली आणि समोर बसली.

"सात नंबर वाचला मी."

"कसला सात नंबर?"

"तरुण बहीण. लेकरू. गच्ची."

मुकुलनं हातातला घास ताटात परत ठेवला. त्या ठेवण्यावरूनच तिला कळलं. तोवर कुठंतरी वाटत होतं की तो चिडेल, भलताच कुणीतरी निघेल.

"नाव न्हाय घेतलं मी," तो म्हणाला.

"म्हणजे सांगितलं."

"अर्पिता, प्रार्थनेला टाकलं गं. चुगली केली काय? मला भ्या वाटलं. रात्री तू उठलीस की मी उठायचो, तू बसलीस की मी बसायचो. काय करावं सुचंना. पाळकीणबाईंना म्हणलं, फक्त तुमी आन् पाळकसाहेब..."

"फक्त. आणि अक्का?"

"अक्काला मी एक शब्द बोललो न्हाय."

"गच्चीला कुलूप कुणी लावलं?"

"ते माकडं..."

"उमरग्यात शेवटचं माकड कधी बघितलंत तुम्ही?"

मुकुलनं जिन्याकडं बघितलं, जणू कुलूप आत्ता पहिल्यांदा दिसत होतं.

"दवाखान्यात कुणाचा एक्स-रे काढला, काय निघालं, हे आजवर घरात आणलंय तुम्ही?" अर्पिताचा आवाज चढला नव्हता. झोळीतलं लेकरू उठेल म्हणून ती भांडणसुद्धा हळूच करत होती. "सख्ख्या मामाचा काढून आलात. मामी आठ दिवस विचारत होत्या. तोंड उघडलं?"

"ते वेगळं. ते पेशंट."

"बरं. म्हणजे मी पेशंट असते तर वाचले असते."

"मी देवापुढं ठेवलं ते. माणसापुढं न्हाय."

"देव काय पाळकीणबाईंच्या वहीत राहतो? इथं बसून बोलला असता तर त्याला ऐकू गेलं नसतं?"

दारात पिठाचा डबा वाजला. शांताक्का आत आल्या, दोघांच्या तोंडाकडं बघितलं आणि पदरानं कपाळ पुसलं. "काय गं, ताटावर भांडण? बिचारं उन्हातान्हातून येतंय. लेकरू उठलं का? आण इकडं, मी घेते." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. जाई झोपलेलीच होती. अर्पितानं त्या हातांकडं बघितलं आणि पहिल्यांदाच तिला कळलं की हे हात तिच्या मदतीला नसतात. अक्कांनी झोळीतून लेकरू अलगद उचलून नेलं.

शुक्रवारी त्यांच्या घराला अकरा ते बाराचा तास होता. मुकुल ड्युटीवर. सासू-सून दोघीच सतरंजीवर. शांताक्का मोठ्यानं प्रार्थना करायच्या, गल्लीला ऐकू जाईल अशी. "प्रभू, या घरात जे झाकलेलं हाय ते तुला ठावं हाय..." अर्पिताला वाटलं, आधी ते त्याला एकट्याला ठावं होतं, आता बावीस घरांना आहे. तिनं आपल्या मनातलं काही मागायचा प्रयत्न केला. पण एक वाक्य सुरू केलं की वाटायचं, कुणीतरी शेजारी बसून लिहून घेतंय. तास संपेपर्यंत ती नुसती सतरंजीचे पट्टे मोजत बसली. लहानपणापासून देवाशी तिचं बोलणं कधी अडलं नव्हतं. परीक्षेच्या आधी, बाळंतपणात, सगळीकडं ती बडबडायची त्याच्याशी. तेही गेलं.

आणि विचार तर थांबले नव्हते. उलट वाढले होते. पूर्वी आले की ती मुकुलला सांगायची, तो जवळ बसायचा, थोड्या वेळानं उतरायचे. आता सांगायचं कुणाला? सांगितलं तर उरलीसुरली जाईसुद्धा मांडीवरून उचलून नेतील. नाही सांगितलं तर एक दिवस आपलंच डोकं आपल्याला कुठं नेईल, या भीतीनं तिला घास जाईना. घरात जीव मोकळा करायला एकच माणूस होतं, आणि त्याच्याच तोंडाला कडी नव्हती. मुकुल रोज म्हणायचा, चुकलो. ती म्हणायची, ऐकलं मी. पुढं काही नाही.

महिन्याचा पहिला रविवार आला. प्रभुभोजनाचा. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मध्ये मेजावर झाकलेली भाकर आणि मनुकांच्या रसाचे बारके प्याले. प्याल्यांचं तबक ओळीतून फिरवायचं काम दोन वर्षांपासून मुकुल आणि योगीराज या दोघांकडं होतं. पाळकसाहेब बाबूराव वाटप करायच्या आधी दर वेळी तेच विचारायचे. कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर आधी समेट करा, मग हात लावा. एवढं बोलून ते मिनिटभर थांबायचे. त्या मिनिटात आजवर कुणी उठलेलं नव्हतं. पंख्याचा आवाज, हायवेवरचा एखादा ट्रक, संपलं.

आज मुकुलनं हातातलं तबक मेजावर परत ठेवलं. "पाळकसाहेब, मला बोलायचंय."



या मंडळीत पश्चात्तापाची एकच रीत होती. उभं राहायचं, सगळ्यांपुढं सगळं सांगायचं, रडायचं, आणि मंडळीनं आमेन म्हटलं की हलकं होऊन खाली बसायचं. कुणी दारूचं सांगितलं होतं, कुणी भावाची जमीन लाटल्याचं. मुकुल त्या साक्षी ऐकत लहानाचा मोठा झालेला. तो आता पहिल्यापासून सांगणार. माझ्या बायकोनं मला विश्वासानं सांगितलं होतं की, आणि पुढं जे काय ते. मनापासून सांगणार. चाळीस माणसं रडणार, त्याला मिठ्या मारणार, त्याचं पाप फिटणार. ज्यांना अर्धवट कळलं होतं त्यांना पुरतं कळणार, पुरुषांना, पोरांना, योगीराजला सुद्धा. तिनं ओळखलं की ज्या वाटेनं यानं घर मोडलं त्याच वाटेनं हा ते बांधायला निघालाय, आणि त्याला ते कळतसुद्धा नाहीये.

तो तिच्याकडंच बघत होता. डोळे भरलेले. अर्पितानं मान हलवली. एकदाच, बारीक. नको.

मुकुल तसाच उभा राहिला, तोंड अर्धं उघडं.

"बोल बाळा," पाळकसाहेब मायेनं म्हणाले. "मोकळा हो. इथं सगळे आपलेच हायेत."

"न्हाय, पाळकसाहेब. ते माझ्याकडंच राहू द्या. मी आज तबक धरायच्या लायकीचा न्हाय, एवढंच." आणि तो चालत मागं गेला, दाराजवळ चपलांच्या ढिगापाशी बसला.

कुजबुज उठली, पसरली. तबक योगीराजनं एकट्यानं फिरवलं. अर्पितापुढं आलं तेव्हा तिनं ते तसंच शेजारणीकडं सरकवलं. तिनं अजून माफ केलं नव्हतं, आणि माफ केल्यासारखं घ्यायला तिला भीती वाटली.

त्यानंतर बोलायला बावीस घरांना काम मिळालं. मुकुल प्यायला लागलाय. नर्स हाय म्हणं कुणीतरी दवाखान्यात. योगीराज संध्याकाळी चहाला यायचा तो बंद झाला. शांताक्का दोन दिवस जेवल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी लेकाच्या पुढ्यात बसून रडल्या.

"काय केलायस रं? बाई हाय का कुणी? खरं सांग."

"न्हाय, अक्का."

"मग दारू?"

"वास येतोय का?"

"मग सांग की मेल्या! सगळ्या मंडळीत तोंड दाखवायला जागा न्हाय ठेवली तू."

"सांगण्यासारखं न्हाय, अक्का. वाढ."

एका वाक्यात तो सुटला असता. ते वाक्य अर्पिताचं होतं, आणि त्यानं ते वापरलं नाही. ती बघत होती. स्वयंपाकघरातून, बायकांच्या बाजूनं, झोळीआडून. आज फुटेल, उद्या फुटेल. दुसरा रविवार गेला, तिसरा गेला. तो मागं चपलांपाशीच बसायचा, गाणी म्हणायचा, घरी यायचा. एकदा फक्त त्यानं विचारलं, "गच्चीचं कुलूप काढू का राहू दे?"

"राहू दे," ती म्हणाली. "किल्ली माझ्याकडं द्या."

त्यानं अक्कांच्या कमरेची किल्ली मागून आणली. अक्का तोंडाला येईल ते बोलल्या. त्यानं ऐकून घेतलं. जाईच्या अंघोळीचंही त्यानं त्याच दिवशी मिटवलं. "तिची आई घालील. तू पाणी काढून दे."

पाळकीणबाई स्वतः येऊन गेल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, पदर बोटाला गुंडाळत. "वही बंद केली गं मी. ज्याला सांगायचं त्यानं तोंडी सांगा म्हणते, माझ्यापाशीच राहील. ते पानही जाळलं. शांताक्काला मीच बोलले होते. काळजीनं बोलले, पण बोलले." अर्पितानं त्यांना बसवलं, चहा दिला. असू द्या, असं मात्र म्हणाली नाही. त्याही तशी वाट न बघता कप विसळून गेल्या.

मग एका मंगळवारी सकाळी, नऊच्या सुमारास, ती विळीवर कांदा चिरत होती. जाई बाहेरच्या खोलीत अक्कांजवळ हसली. खळखळून, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं. आणि त्या हसण्याबरोबरच तो आला. विळी, आणि लेकरू. अर्पितानं विळी मिटली, सांडशी ठेवायच्या खुंटीच्याही वर, माळ्यावर टाकली. हात धुतले. परत धुतले. मुकुल आतल्या खोलीत शर्टाची बटणं लावत होता. सांगायचं की नाही हे तिनं ठरवलंच नव्हतं. पाय गेले.

"परत आला," ती दारातून म्हणाली. "आत्ता. विळीवर बसले होते."

मुकुलचे हात बटणावर थांबले. पूर्वीचा मुकुल असता तर त्यानं प्रभू, प्रभू म्हणत तिच्या डोक्यावर हात ठेवला असता.

"जाई कुठाय?"

"अक्कांजवळ."

"बरं." तो पलंगाच्या कडेला बसला, तिलाही बसायला जागा केली. "काय करू सांग."

"मला डॉक्टरला दाखवायचंय." हे ती महिनाभर घोकत होती. फोनवर रोज वाचत होती, की बाळंतपणानंतर असं कितीतरी बायांना होतं, त्याला उपचार असतात. "इथं नको. सोलापूरला. बाई डॉक्टर असेल तर बरं."

"आजच जाऊ. रजा टाकतो." मग थोडं थांबून, "प्रार्थना करू?"

या घरात असं कुणी कधी विचारलं नव्हतं. प्रार्थना सुरू व्हायची, बाकीच्यांनी डोळे मिटायचे.

"करा," ती म्हणाली. "दार लावून. हळू."

त्यानं दार लावलं. चार वाक्यं बोलला असेल. अर्पिताला बरं वाटू दे. वाट दाखव. तिचं ओझं माझ्यावर पडू दे, मला ते उचलता येऊ दे. मला तोंड सांभाळायला शिकव. अर्पितानं डोळे मिटले नाहीत. ती त्याच्या ओठांकडं बघत होती. तरी शेवटी आमेन तिच्या तोंडून निघाला, तिला न विचारता.

"अक्काला काय सांगू?" त्यानं विचारलं.

"जाईची लस आहे म्हणा."

"खोटं नको गं. तुला दवाखान्यात न्यायचंय एवढंच सांगतो. त्याच्या पुढं न्हाय."

तो बाहेर गेला. अर्पितानं दार पुढं ओढलं आणि फटीला कान लावून उभी राहिली. तिला त्याची लाज वाटली नाही.

"दवाखान्यात? आता परत काय झालंय तिला?"

"ते तिला ठावं आन् मला."

"मी आई हाय तुझी."

"व्हय की."

"मग?"

हायवेवर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.

"अकराची एसटी हाय, अक्का. जाईचं दुपटं कुठं ठेवलंय?"

मग शांताक्कांनी आवाज खाली आणला. या आवाजाची अर्पिताला खरी भीती होती. याच आवाजात विचारलं की मुकुल शाळेतल्या मारापासून पहिल्या पगारापर्यंत सगळं सांगत आला होता. "मुकल्या. कानात सांग माझ्या. कुणाला न्हाय बोलायची मी, प्रभूची आन."



"न्हाय, अक्का," मुकुल म्हणाला. "तुला बी न्हाय."

ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली, पुढचं वाक्य येतंय का ते बघत. आलं नाही. मग तिनं दार उघडलं, बाहेर आली आणि जाईला घ्यायला हात पुढं केले. शांताक्कांनी आधी लेकाकडं बघितलं. तो दुपटं घडी करत होता. मग त्यांनी लेकरू दिलं.